हॉपकिन्स की कॉलेज पार्क?

एप्रिल महिना मेरीलँडमधल्या बऱ्याच मराठी घरांत जागरणाचा असतो. टेबलावर लॅपटॉप उघडा आहे, चहा केव्हाच गार झाला आहे आणि मुलीच्या नावाची दोन प्रवेशपत्रं समोर आहेत. एक बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं, दुसरं कॉलेज पार्कच्या मेरीलँड विद्यापीठाचं. १ मेपर्यंत एकाला होकार कळवायचा असतो. बाबांच्या मते हॉपकिन्स ते हॉपकिन्स. आई कागदावर आकडे मांडून बसलेली. तेवढ्यात नाशिकहून आजी व्हिडिओ कॉलवर विचारते, "लागली ना गं मेडिकलला?"

आजीला काय उत्तर द्यायचं, तिथूनच हा सगळा प्रश्न सुरू होतो. मुलगी अजून मेडिकलला लागलेली नाही आणि आणखी किमान चार वर्षं लागणारही नाही. आपल्याकडे बारावी, मग नीट, मग एमबीबीएस अशी सरळ वाट आहे. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा, मग मेडिकल कॉलेजांकडे अर्ज आणि प्रवेश मिळाला तर पुढे चार वर्षं एमडी. पहिल्या चार वर्षांत डॉक्टरकीची तयारी करणाऱ्याला प्री-मेड म्हणतात. ती पदवी नव्हे. जीवशास्त्र, इतिहास, संगीत यांपैकी कशातही पदवी घ्या. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, ऑर्गॅनिक केमिस्ट्री, भौतिकशास्त्र, बायोकेमिस्ट्री हे ठरलेले विषय प्रयोगशाळेसह झाले म्हणजे अर्ज करता येतो. मेडिकलला अर्ज करणाऱ्यांत निम्म्याहून अधिक जीवशास्त्राचे असतात. पण कोविडकाळात घराघरांत पोचलेले डॉक्टर अँथनी फाउची यांनी होली क्रॉस या कॉलेजातून ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्याची पदवी घेतली होती आणि मग ते कॉर्नेलच्या मेडिकल कॉलेजात गेले.

ही पद्धत पूर्वापार नाही. आनंदीबाई जोशी १८८३मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. हाती कुठली पदवी नव्हती आणि कुणी मागितलीही नाही. १८८६मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पदवीची अट घट्ट झाली ती पुढच्या दशकात आणि नेमकी बाल्टिमोरमध्ये. हॉपकिन्सचं रुग्णालय उभं राहिलं होतं, पण मेडिकल कॉलेज सुरू करायला पैसे नव्हते. मेरी गॅरेट या धनाढ्य बाईंनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी मिळून पाच लाख डॉलरचा निधी पुरा केला. त्यातली तीन लाखांहून मोठी रक्कम गॅरेटबाईंची होती. त्यांनी दोन अटी घातल्या. बायकांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश हवा आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे विज्ञानाची तयारी असलेली पदवी हवी, शिवाय फ्रेंच आणि जर्मन वाचता यायला हवं. १८९३च्या पहिल्या तुकडीत अठरा विद्यार्थी होते, त्यांत तीन मुली. पुढे १९१०मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या मेडिकल कॉलेजांची झाडाझडती घेतली आणि हॉपकिन्सलाच नमुना मानलं. आज टेबलावर पडलेल्या त्या पत्रामागे हा इतिहास आहे. बाबांच्या आवाजातला आदर उगाच नाही.

पण ज्या नावाचा दरारा आहे ते मेडिकल कॉलेजाचं आणि रुग्णालयाचं. मुलीला प्रवेश मिळालाय तो होमवुड कॅम्पसवर, बाल्टिमोरच्या उत्तर भागात. रुग्णालय तिथून पाचेक किलोमीटरवर, शहराच्या पूर्वेला. दोन्हींमध्ये विद्यापीठाची शटल बस धावते. होमवुडवर पदवी घेतली म्हणून पलीकडच्या मेडिकल कॉलेजाचं दार आपोआप उघडत नाही. तिथे सगळ्या देशाबरोबर रांगेत उभं राहावं लागतं. कॉलेज पार्कचीही गंमत तशीच. मेरीलँड विद्यापीठाचं मेडिकल कॉलेज १८०७पासूनचं, हॉपकिन्सहूनही जुनं. पण तेही बाल्टिमोरलाच आहे, कॉलेज पार्कला नाही. दोन्ही कॅम्पसमधलं अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. एकीकडे पदवीचे पाच-सहा हजार विद्यार्थी, दुसरीकडे तीस हजार.

मेडिकल कॉलेजांच्या दाराशी काय बघितलं जातं? २०२४च्या प्रवेशांसाठी अमेरिकेतल्या एमडी कॉलेजांकडे सुमारे ५२ हजार जणांनी अर्ज केले आणि सुमारे २३ हजारांना जागा मिळाली. म्हणजे निम्म्याहून अधिक परत गेले. ज्यांना जागा मिळाली त्यांचा सरासरी जीपीए, म्हणजे पदवीच्या गुणांची सरासरी, ४पैकी जवळपास ३.८ आणि एमकॅटचे गुण ५१२च्या आसपास. ही परीक्षा ४७२ ते ५२८ अशा विचित्र मापाची आहे. ज्यांचे हे दोन्ही आकडे अगदी वरच्या टोकाला असतात, त्यांच्यातल्या पाचांपैकी चौघांना कुठे ना कुठे प्रवेश मिळतो. शिवाय अर्ज स्वीकारणारी केंद्रीय यंत्रणा जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांचा जीपीए वेगळा काढून दाखवते. इतिहासातल्या 'ए'ने ऑर्गॅनिकमधला 'सी' झाकला जात नाही.

विद्यापीठाच्या नावाला काहीच वजन नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने प्रवेश समित्यांची पाहणी केली तेव्हा खासगी कॉलेजं पदवीच्या संस्थेला सरकारी कॉलेजांपेक्षा जास्त महत्त्व देतात, असं दिसलं. ज्या मुलाचं स्वप्न एखाद्या नामांकित खासगी मेडिकल कॉलेजाचंच आहे, त्याला होमवुडचा उपयोग होईल. पण देशात सर्वांत जास्त अर्जदार पाठवणारी विद्यापीठं कोणती, याची यादी पाहिली तर वरच्या जागा मोठ्या सरकारी विद्यापीठांच्या आहेत. लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ एकटं वर्षाला हजाराहून अधिक अर्जदार पाठवतं. सरकारी विद्यापीठातून डॉक्टर होणं हा तिथला राजरस्ताच आहे. घरात मात्र तसं कुणी बोलत नाही, कारण शेजारच्या घरातल्या मुलाने कुठे प्रवेश घेतला हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आता ऑर्गॅनिक. प्री-मेडच्या वाटेवरचा हा घाट आहे आणि बरेच प्रवासी इथेच गाडी वळवण्याचा विचार करतात. बहुतेक विद्यापीठांत हा विषय दुसऱ्या वर्षी येतो. कॉलेज पार्कला रसायनशास्त्राचा क्रम वेगळा लावलेला आहे. एक सत्र साधं रसायन, मग लगेच दोन सत्रं ऑर्गॅनिक, मग पुन्हा साधं रसायन. त्यामुळे तिथल्या कित्येक मुलांची ऑर्गॅनिकशी गाठ पहिल्याच वर्षाच्या जानेवारीत पडते. कुठल्याही कॅम्पसच्या ग्रंथालयात रात्री अकराला गेलं तर ही मुलं लांबूनही ओळखू येतात. टेबलावर प्लास्टिकच्या गोळ्या आणि काड्यांचा संच पसरलेला असतो. काळा गोळा कार्बन, पांढरा हायड्रोजन. सहा काळ्या गोळ्यांचं कडं आरामखुर्चीच्या आकारात वाकवायचं. मग ते उलटं वळवलं की वर उभे असलेले हायड्रोजन कडेला कसे जातात, हे हाताने फिरवून बघायचं. पुस्तकातल्या सपाट चित्रावरून जे तासभर कळत नाही, ते हातात धरल्यावर एका मिनिटात कळतं. नुसत्या घोकंपट्टीवर दहावी-बारावी गाजवलेली हुशार मुलं इथे पहिल्यांदा अडखळतात. इलेक्ट्रॉन कुठून निघाला आणि कुठे गेला, हे बाणाने दाखवायचं असतं. पाठ केलेला बाण नव्या रेणूवर लागू पडत नाही.

या विषयाचा ताण किती आहे, हे २०२२मध्ये साऱ्या देशाने पाहिलं. न्यूयॉर्क विद्यापीठातले मेटलंड जोन्स हे ऑर्गॅनिकचं पाठ्यपुस्तक लिहिलेले, ८४ वर्षांचे प्राध्यापक. वर्गातल्या ३५० पैकी ८२ विद्यार्थ्यांनी गुणांच्या तक्रारीचा अर्ज केला आणि विद्यापीठाने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. कोण बरोबर, यावर लोक हिरिरीने भांडले. पण निवड करणाऱ्या घरासाठी त्यातली गोष्ट वेगळी आहे. त्या मुलांच्या डोळ्यांपुढे एकच अक्षर होतं आणि त्या अक्षरावर त्यांचं डॉक्टर होणं टांगलेलं होतं.

म्हणून दोन विद्यापीठांची तुलना करताना एकूण क्रमवारी बघण्यापेक्षा या एका वर्गाची चौकशी करावी. वर्गात मुलं किती? गुण सरासरीवर बेतून दिले जातात का? म्हणजे शेजारच्याचा पेपर चांगला गेला तर आपलं अक्षर खाली येतं का? आठवड्याला किती तास कुणी शिकवणी घेतं आणि तिथे खरोखर मुलं जातात का? हॉपकिन्समध्ये वर्गातला प्रत्येक जण आपापल्या शाळेचा पहिला असतो, त्यात प्री-मेडची गर्दी. कॉलेज पार्कला वर्ग मोठा, पण त्यात तऱ्हेतऱ्हेची मुलं. काही मुलं तगड्या सोबत्यांत फुलतात, काही कोमेजतात. आपली मुलगी यांतली कुठली, हे क्रमवारी छापणाऱ्यांना माहीत नसतं. तिच्या आईला असतं.

आणि आता आईचा कागद.

मेरीलँडच्या रहिवाशाला कॉलेज पार्कची वर्षाची फी साधारण १२ हजार डॉलर पडते. राहणं-जेवण धरून तिशीच्या थोडं वर. हॉपकिन्सची नुसती फी २०२४-२५मध्ये ६४ हजारांच्या पुढे होती आणि सगळा खर्च ८५ हजारांहून जास्त. चार वर्षांचा फरक दोन लाख डॉलरच्या पलीकडे जातो. आता हा आकडा दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवून पाहावा. कर्ज काढून मेडिकल शिकलेला अमेरिकी विद्यार्थी बाहेर पडतो तेव्हा त्याच्या डोक्यावरचं मध्यक कर्जही दोन लाखांच्याच आसपास असतं. म्हणजे पदवीच्या निवडीत जेवढे वाचतात, तेवढ्यात जवळजवळ सगळं मेडिकलचं कर्ज फिटतं.

२०२५च्या उन्हाळ्यात या हिशेबाला आणखी धार आली. नव्या कायद्याने, १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांसाठी मेडिकलच्या विद्यार्थ्याला मिळणाऱ्या सरकारी कर्जावर मर्यादा आणली. वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलर. पूर्वी ग्रॅड प्लस नावाच्या कर्जातून लागेल तेवढी रक्कम उचलता येई, ती सोय बंद. ज्या कॉलेजांचा खर्च याहून जास्त आहे तिथे उरलेले पैसे खासगी बँकेकडून किंवा आई-बापांच्या गाठीतून काढावे लागणार. अशा वेळी पदवीलाच गाठ सोडून मोकळं होणं ही मोठी जोखीम आहे. प्रस्तुत लेखकाचं मत इथे स्पष्ट आहे: घरच्या बचतीत एकाच शिक्षणापुरते पैसे असतील तर ते दुसऱ्या शिक्षणासाठी राखून ठेवावेत.

तरीही छापील फी बघून हॉपकिन्सचं पत्र बाजूला टाकणं चूक ठरेल. उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०१८मध्ये आपल्या या जुन्या विद्यापीठाला पदवीच्या विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी १.८ अब्ज डॉलर दिले. तेव्हापासून तिथली मदत कर्जाच्या रूपात दिली जात नाही, अनुदान म्हणून मिळते. ज्या घरात एकच पगार आहे, किंवा दोन भावंडं कॉलेजात आहेत, त्यांना हॉपकिन्स कधी कधी सरकारी विद्यापीठाइतकंच पडतं. खरी कुचंबणा होते ती दोघेही आयटीत असलेल्या घरांची. कागदावर उत्पन्न भरपूर, म्हणून मदत शून्य. आणि घराचे हप्ते, गावाकडचं दुखणंखुपणं मात्र चालूच असतं. उलट बाजूला, कॉलेज पार्कची बॅनेकर-की ही शिष्यवृत्ती गुणवत्तेवर मिळते, आणि ती पूर्ण स्वरूपात मिळाली तर फीसकट राहण्याजेवणाचाही खर्च उचलते. ते पत्र हाती असेल तर चर्चा तिथेच थांबायला हरकत नाही. पुढच्या मेडिकलच्या खर्चाचंही एक सांगायला हवं: २०२४मध्ये ब्लूमबर्ग यांनी आणखी एक अब्ज डॉलर दिले आणि वार्षिक तीन लाखांपेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना हॉपकिन्सच्या मेडिकल कॉलेजाची फी माफ झाली. पण त्यासाठी पदवी होमवुडचीच हवी असं नाही; त्या वर्गात देशभरातल्या निरनिराळ्या कॉलेजांतून मुलं येतात. नोबेल मिळवलेले पीटर ॲग्री मिनियापोलिसच्या ऑग्सबर्ग या छोट्या कॉलेजातून तिथे आले होते आणि त्याच मेडिकल कॉलेजाचे प्राध्यापक झाले.

व्हिसाचा प्रश्न थोडक्यात पण ठासून सांगायला हवा. आई-बाप एच-१बीवर आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत असतील तर मुलाला सरकारी कर्ज मिळत नाही, एकविसाव्या वर्षी त्याचा आश्रित व्हिसा संपतो, आणि अनेक मेडिकल कॉलेजं परदेशी नागरिकाचा अर्जच घेत नाहीत. सरकारी मेडिकल कॉलेजं आपल्या राज्याच्या रहिवाशांना झुकतं माप देतात. मिसिसिपीचं तर फक्त रहिवाशांनाच घेतं. अशा घरात विद्यापीठाच्या नावाआधी वकिलाशी बोलणं गरजेचं आहे. आणि पुण्या-मुंबईहून बीएस्सी करून थेट अमेरिकेत एमडीला जाऊ पाहणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं की बहुतेक कॉलेजं अमेरिकेत किंवा कॅनडात घेतलेले विषय मागतात.

गुण आणि पैसा यांच्यानंतर येतो तो माणसांचा सहवास. अर्जात रुग्णांजवळ घालवलेले तास विचारतात, संशोधन विचारतात आणि ज्याने जवळून पाहिलंय अशा प्राध्यापकांची पत्रं मागतात. संशोधनात हॉपकिन्सचा हात कुणी धरत नाही. संशोधनावर खर्च करणाऱ्या अमेरिकी विद्यापीठांत ते १९७९पासून पहिलं आहे. पहिल्या वर्षाचं मूल शटल पकडून कर्करोगाच्या प्रयोगशाळेत जाऊन उंदरांचे पिंजरे सांभाळू शकतं. मात्र तिथे त्याच्या आधी पोस्ट-डॉक, पीएचडीचे आणि मेडिकलचे विद्यार्थी उभे असतात. प्रमुख प्राध्यापक महिन्यातून एकदा दिसले तरी पुष्कळ. कॉलेज पार्कने यावर एक चांगला उपाय काढला आहे. फायर नावाच्या उपक्रमात पहिल्याच वर्षी मुलांचे गट करून त्यांना खऱ्या संशोधनाला जुंपतात. शिवाय पंधरा-सोळा किलोमीटरवर बेथेस्डाला एनआयएच आहे, देशाच्या वैद्यकीय संशोधनाची राजधानीच. पण २०२५ने दाखवलं की हाही आधार हलू शकतो. त्या वर्षी एनआयएचची उन्हाळी इंटर्नशिप झालीच नाही आणि परदेशी मदतीचा निधी गेल्यामुळे हॉपकिन्सला दोन हजारांवर पदं कमी करावी लागली. विचारायचं ते असं की या वर्षी, या विभागात, पदवीच्या किती मुलांना प्रयोगशाळेत जागा आहे.

रुग्णांजवळचे तास मात्र नावावर अवलंबून नाहीत. होमवुडवर विद्यार्थ्यांचं स्वतःचं आपत्कालीन पथक आहे. कॉलेज पार्कच्या स्वयंसेवी अग्निशमन केंद्रात तर विद्यापीठातली मुलं राहतात; रात्री दोनला घंटा वाजली की रुग्णवाहिकेत बसतात आणि सकाळी वर्गात येतात. छातीत दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा हात धरून रुग्णालयापर्यंत गेलेलं मूल आपल्याला डॉक्टर व्हायचंय की नाही, हे कुठल्याही समुपदेशकापेक्षा लवकर ओळखतं.

एका आकड्यापासून सावध राहावं. "आमच्या अर्जदारांपैकी इतके टक्के मेडिकलला लागतात", असं विद्यापीठं अभिमानाने सांगतात. छेद कोणता, ते विचारावं. काही संस्थांत विद्यापीठाच्याच समितीचं शिफारसपत्र लागतं आणि कच्च्या मुलांना समिती आधीच थांबायला सांगते. ती अर्जदारांत मोजलीच जात नाहीत. पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणून किती आले आणि अखेरीस किती लागले, हा आकडा मागून पाहावा.

कारण वाट बदलणारे पुष्कळ असतात, आणि त्यात काही वाईट नाही. जिला जीवशास्त्रच आवडतं, पेशीच्या आत काय चाललंय याची ओढ आहे, तिच्यासाठी हिशेब उलटा होतो. जीवशास्त्राची पीएचडी करताना अमेरिकेत फी भरावी लागत नाही, वर विद्यावेतन मिळतं. दुसऱ्या शिक्षणासाठी पैसे राखायची गरज संपते. तिथे जीपीएच्या दुसऱ्या दशांशापेक्षा प्रयोगशाळेतली तीन वर्षं आणि प्राध्यापकाचं पत्र बोलतं. अशा मुलीने होमवुडचा विचार जास्त गंभीरपणे करावा. डॅनिएल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांनी डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या विकरांवर काम केलं ते बाल्टिमोरमध्येच, आणि १९७८चं नोबेल मिळवलं. दोन्ही दारं उघडी ठेवायची असतील तर शल्यविशारद आणि लेखक अतुल गावंडे यांचं उदाहरण आहे. वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे, ओहायोत स्थायिक झालेले डॉक्टर. मुलाने स्टॅनफर्डला जीवशास्त्राबरोबर राज्यशास्त्र घेतलं, ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान, राजकारण आणि अर्थशास्त्र शिकला आणि मग हार्वर्डहून १९९५मध्ये एमडी झाला. घाई कुणी केली नाही. आजही मेडिकलला लागणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त जण पदवीनंतर एखादं वर्ष तरी थांबलेले असतात.

मेरीलँडच्या घराने तिसरं नावही यादीत ठेवावं. बाल्टिमोरच्या कडेला असलेलं मेरीलँड विद्यापीठाचं दुसरं कॅम्पस, यूएमबीसी. तिथला मायरहॉफ उपक्रम १९८८पासून निवडक मुलांना एकत्र राहायला, एकत्र अभ्यास करायला आणि पहिल्या वर्षापासून संशोधन करायला लावतो. मॉडर्नाच्या कोविड लशीमागच्या संशोधनात पुढे असलेल्या किझमेकिया कॉर्बेट तिथल्याच. बाबांच्या यादीत हे नाव सहसा नसतं.

निर्णयाआधी प्रवेश मिळालेल्यांसाठी दोन्हीकडे भेटीचा दिवस असतो. फुगे, टी-शर्ट, स्वागताची भाषणं. ती झाल्यावर मुलीने एकटीने रसायनशास्त्राच्या इमारतीत जावं, शिकवणीची खोली शोधावी आणि तिथे बसलेल्या दुसऱ्या वर्षाच्या कुणालाही विचारावं, "मागच्या पेपरला कमी पडले तेव्हा तू कुणाकडे गेलास?" एका ठिकाणी बहुधा कुणाचं तरी नाव सांगितलं जाईल. दुसरीकडे मुलगा खांदे उडवून पुन्हा प्लास्टिकच्या गोळ्यांकडे वळेल. कुठल्या कॅम्पसवर काय घडेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून तर जाऊन यायचं.